उलट्या गोणीवरचा घोडा

कांद्याच्या गोणीवरचं चित्र तुम्ही कधी नीट बघितलंय? मला ती खोड वाशीच्या मार्केटात लागली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी एका वकिलांकडे टायपिस्ट होतो. कांद्याच्या दोन व्यापाऱ्यांचा एकाच ‘घोडा छाप’वरून चार वर्षं खटला चालू होता. गिऱ्हाईक घोडा बघूनच गोणी उचलायचं, त्यामुळे छाप सोडायला कुणीच तयार नाही.

शेवटी वकीलसाहेबांनी तोडगा काढला. एकाचा घोडा डावीकडे धावेल, दुसऱ्याचा उजवीकडे. मी स्टॅम्पपेपरवर करार टाइप केला आणि आम्ही गाळ्यावरच सह्यांना बसलो.

दोघांनी पेनं उघडली, तेवढ्यात गोण्या उतरवणारा एक माथाडी थबकला.

“सायेब, इचारू का? रिकाम्या गोण्या आमी उलट्या करूनच परत भरतो. पर शाई तर आरपार जाती. मग घोडा कुनीकडं पळायचा?”

साहेबांनी एक गोणी मागवली आणि स्वतःच्या हातांनी उलटी केली. डावीकडचा घोडा मजेत उजवीकडे निघाला होता.

गोणी खाली ठेवून साहेब मला म्हणाले, “कोर्टाची पुढची तारीख कधीची आहे रे?”