लाल दोऱ्याची लोटी

शनवाऱ्याच्या मोटारथांब्यावर खकनार गावाला जाणाऱ्या मोटारीची वाट पाहत निर्मला आणि तिची मोठी जाऊ मालूबाई बसल्या होत्या. मालूबाई गळ्याच्या कॅन्सरवर विजेचा शेक, म्हणजे किरणांचा उपचार, घेऊन मुंबईहून परतलेली. शेजारच्या बाकावर एक म्हातारा आपल्या बायकोला चहा पाजत होता; तिचा गळाही तसाच काळवंडलेला, म्हणून निर्मलाचे कान तिकडे लागले.

"घोट उतरतो का?"

"उतरतो. पण चव पार गेली. साखर खाल्ली काय अन् माती खाल्ली काय."

"येईल हळूहळू. राजधानी नागपूरची भोपाळला गेली, तरी आपल्याला शेकाला मुंबईच."

"अन् ही कातडी?"

"नवी येईल. तू फक्त तेल-हळद चोळू नको. आण इकडे, उरलेलं मी पितो."

"माझं उष्टं? लोक पाहताहेत."

"पाहू दे. मी डॉक्टरला साफ विचारलं, हिच्यापासून घरच्यांना काही लागेल का. तो बोलला, बाबा, मशीन बंद झाली की किरणं खतम. अन् हा आजार बी उष्ट्यानं लागत नाही."

"सून माझं ताट वेगळं ठेवते."

"घरी गेलो की सांगतो तिला."

"नका सांगू. शरमेल बिचारी."

निर्मलानं घाईनं आपला पेला भरून मालूबाईपुढे धरला.

"बाई, पाणी घ्या."

मालूबाईनं पिशवीतून आपली लोटी काढली. लोटीच्या गळ्याला, ती घरच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून निर्मलानंच बांधलेला लाल दोरा होता.

"यात ओत गं. त्या पेल्यानं तुझी पोरं पितात."