मरोळच्या धुराची किंमत

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य चंद्रप्रकाश सामंत, व्यासपीठावरील पाहुणे, मरोळ गावठाणातून आवर्जून आलेली मंडळी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि आज अर्थशास्त्र विभागातून निवृत्त होणाऱ्या आमच्या डॉ. कार्मेन रोझारिओ,

बाईंनी मला बजावलं आहे, स्तुती करायची नाही. नाही करत. एक हकिकत सांगते. तेव्हा मी बाईंची सहायक होते.

त्र्याहत्तर साल संपता संपता तेल महागलं. मरोळच्या एका काच कारखान्याने भट्ट्या तेलाऐवजी कोळशावर चालवायची परवानगी मागितली आणि महिनाभर कोळसा जाळूनही पाहिला. त्या धुराची किंमत काढायला सरकारी समितीने बाईंना नेमलं. धुराला कसली आलीय किंमत, असं आमच्याच स्टाफरूममध्ये काही जण म्हणत. आज ते पुढच्या रांगेत बसले आहेत, नावं घेत नाही. आम्ही गावठाणात घरोघर फिरलो. डॉक्टरकडे किती खेपा झाल्या, कामावर किती खाडे पडले, पोरांना झोप लागते का, हे विचारलं. कारखान्याची बचत आणि लोकांचं नुकसान शेजारी शेजारी मांडलं. नुकसान जास्त निघालं, तसा कच्चा अहवाल समितीकडे गेला.

मालकांनी लगेच कळवलं, कोळसा नसेल तर एक भट्टी बंद आणि तिथले कामगार घरी. बाईंचे धाकटे भाऊ ॲम्ब्रोज त्याच भट्टीवर होते.

चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. दाराशी कामगार दाटीने उभे. बाहेरून कुणीतरी खिडकीवर काठी आपटत होतं. फादरांनी बाईंना मागच्या दाराने निघायला सुचवलं. त्या बसून राहिल्या. मग ॲम्ब्रोज उठले. आवाज चढवला नाही त्यांनी.

"बाय, धुराचं मोजलंस. आमच्या चुली विझतील, ते मोजलंस?"

बाई म्हणाल्या, "नाही मोजलं. मोजते."

समितीला पक्का अहवाल ताबडतोब हवा होता. मालकांचा माणूस कच्चा अहवालही मागे घ्या म्हणून गळ घालत होता. बाईंनी दोघांनाही नकार दिला. त्या कामगारांच्या घरी गेल्या. काही दारं उघडली नाहीत, भावाचंही नाही. तरी नवा अहवाल गेला. कोळसा नको, आणि भट्टी बंद झालीच तर दुसरं काम मिळेपर्यंत कामगारांचा पगार सरकारने आणि कारखान्याने मिळून द्यावा. हवा सगळ्यांची स्वच्छ राहणार, मग तिचा भार एकट्या भट्टीवाल्यांनी का उचलायचा?

समितीने पहिली शिफारस घेतली. दुसरी गाळली. भट्टी बंद झाली, ॲम्ब्रोज यांची नोकरी गेली. बाईंनी समितीचा राजीनामा दिला, पण राजीनाम्याने कुणाच्या घरात तांदूळ येतो का? दोन नाताळ बहीणभाऊ एका टेबलाशी जेवले नाहीत.

आज ॲम्ब्रोज इथे आहेत. मघाशी चहाच्या वेळी मी त्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली. भाषण नको म्हणाले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "नोकरी गेली त्याचा राग आहे अजून. पण माझ्यासाठी तिने आकडा बदलला असता ना, तर मी तिला बहीण म्हटलं नसतं."

हे इथे सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. बाईंना मात्र ते आत्ताच कळतंय.

अध्यक्षमहाराज, आपण बोलू दिलंत आणि सर्वांनी शांतपणे ऐकलंत, याबद्दल मी ऋणी आहे. बोलताना कुणाची जुनी जखम दुखावली असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्यावं.