मधे नुसता केक

दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून मावशी बसल्या होत्या. तेवढ्यात एक जोडपं आलं. समोरचा बाक रिकामा असूनही नवरा त्यांच्या एका बाजूला बसला, बायको दुसऱ्या. मग मावशींच्या नाकासमोरून मोबाइल इकडून तिकडे फिरायला लागला.

"भाच्याने काढलेला व्हिडिओ टाकलास का? लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून सगळे विचारताहेत," नवरा म्हणाला.

"मोठ्या कॅमेऱ्याचा आहे तो, अपलोडच होत नाही."

"मग लहान करून घे."

"केला. पण रीलला उभा लागतो आणि हा आडवा. दोन्ही कडा कापल्या जातात."

"बघू. अरेच्चा, हा तर नुसता केक!"

"तेच सांगतेय. तू एका टोकाला, मी दुसऱ्या."

"फ्रेम माझ्याकडे सरकव."

"मग मी जाते."

"बरं, तुझ्याकडे सरकव."

"मग तुझं फक्त कोपर उरतं."

"कोपर तर कोपर. टाक."

"लोक विचारतील ना, कोपर कुणाचं?"

"एवढ्या लांब कशाला उभे राहिलो आपण?"

"तू बोलत नव्हतास."

"मी? तू बोलत नव्हतीस!"

"कशावरून रे?"

"आठवत नाही."

"मलाही नाही."

मोबाइल मावशींच्या समोरच थबकला.

"नवा काढू या? आत्ताच, मोबाइलवर."

"दवाखान्यात?"

"मग काय झालं? मावशी, जरा कडेला बसता का?"

मावशी उठल्या आणि गालावरचा हात काढून मोबाइलसाठी पुढे केला.

"अजून जवळ," सुजल्या तोंडाने त्या म्हणाल्या.