सोमवारपासून आमचा संप

...नाही, पण माझं चुकलं कुठं ते तरी सांगा! दोन अक्षरी शब्द लिहिला मी. दोन अक्षरी! आजोबांनी लिहिला, वडिलांनी लिहिला, भिंतीवर चुन्यानं लिहिला, कापडावर लाल रंगानं लिहिला, कुणी म्हणून कुणी अडखळलं नाही. मी एकदाच कॉम्प्युटरवर लिहिला आणि तीनशे बारा माणसांचा निकाल लागला! आणि वर म्हणतात काय, तर आपण सगळे एक कुटुंब!

थांबा, असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला काय कळणार. तुम्हाला सांगतो, आमचा कारखाना कुलपांचा. मी जुळणी खात्यात बावीस वर्षं, आणि त्यातली नऊ वर्षं युनियनचा चिटणीस. आता चिटणीस म्हणजे कुणी मोठा पुढारी समजू नका हं, अक्षर बरं होतं म्हणून गळ्यात पडलं. आमचे जुने मालक म्हणजे तोंडानं फाटके. "अरे गाढवा, ही कडी बसवलीस की बसवल्यासारखी केलीस?" पण गाढव कुठलं, कुणाचा मुलगा, त्याच्या आईचा मोतीबिंदू उतरला का, सगळं तोंडपाठ! आणि संप म्हणाल तर... अहो, काय ते संप! पहिल्या दिवशी आम्ही गेटसमोर घोषणा द्यायच्या, मुर्दाबाद वगैरे, दुसऱ्या दिवशी मालकांनी वरच्या खिडकीतून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः स्टूल घेऊन गेटवर येऊन बसायचं. "हं, बोला. घसा बसला असेल तर आधी चहा घ्या." अर्ध्यावर मिटायचं. पण मिटायचं!

ते गेले, मुलानं कारखाना विकला. कुणाला? तेच तर आजतागायत कळलं नाही! साहेब एका देशात, पडद्यावर दिसतो, आमची सकाळ असते तर त्याची रात्र, बिचारा जांभया देत देत आम्हाला उत्साही राहायला सांगतो. कंपनी नोंदवलेली दुसऱ्याच देशात. त्या कंपनीची मालक तिसऱ्या देशातली कंपनी, आणि तिच्यात पैसा म्हणे चौथ्या देशातल्या मास्तरांच्या पेन्शनचा! आता मला सांगा, मुर्दाबाद म्हणायचं कुणाला? त्या मास्तरांना?

पहिल्याच आठवड्यात पाटी आली. "कामगार" हा शब्द बंद. आम्ही सगळे "कुटुंबीय". युनियनच्या खोलीत फुगे लावले. फुगे! आणि कामगारांचं सगळं पाहणारा जुना अधिकारी जाऊन एक पोरगेलासा आनंद अधिकारी आला. हो, हुद्दाच तो, आनंद अधिकारी! "काका, इथे कुणी मालक नाही, कुणी नोकर नाही, आपण सगळे एक कुटुंब!" घरी येऊन हिला सांगितलं, तर ही म्हणते, "तुमच्या वडिलांच्या वेळी 'आमचं कुटुंब' म्हणजे बायको. म्हणजे तीनशे बारा जणांना बायको केलंय त्यानं. राबा आता, आणि पगाराचं विचारू नका!"

पण आमची ताई, तिला कुटुंबात धरलं नाही हं! ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, पॅकिंगला आहे, पण कंत्राटी. मधे एक एजन्सी. दर तीन महिन्यांनी एक दिवस घरी बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी नवीन म्हणून घ्यायचं. अकरा वर्षं हेच! ताई म्हणते, "चव्वेचाळीस वेळा नवी नवरी झाले रे, धाकट्या, एकदासुद्धा कुणी माप ओलांडू दिलं नाही." हसते आणि म्हणते, पण एकदा अंगात ताप घेऊन उभी होती, रजा मागितली तर एजन्सीवाला म्हणाला, नवीन माणसाला रजा नसते. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. ठरवलं, कंत्राटी बायकांना कायम करून घ्यायचं. नाही तर संप!

साहेब पडद्यावरून म्हणाला, जरूर मागा, फक्त लक्षात ठेवा, हेच कुलूप दुसऱ्या देशात निम्म्यात होतं. मागणी आम्ही तशीच खिशात ठेवली. आणि गंमत ऐका! एकदा साऱ्या देशांतल्या कुटुंबीयांचा पडद्यावर मेळावा होता, आणि मधेच साहेबाची लाईन गेली. तेवढ्यात त्या निम्म्यातल्या देशातली एक बाई, ताईच्याच वयाची, तसाच एप्रन, घाईघाईनं काहीतरी बोलली. खाली पट्टीवर मराठी उमटलं, "बहिणींनो, तुम्ही एवढ्या स्वस्तात कसं करता? आम्हाला रोज तुमच्या नावानं भीती दाखवतात." आता बोला! आम्ही समजत होतो त्या बागुलबुवा, त्या समजत होत्या आम्ही बागुलबुवा, आणि दोन्ही बागुलबुवांना एकाच भीतीची गोळी चालू. ताईनं पडद्याला हात जोडले. लगेच साहेब परत आला, जांभई देत.

मग मी पत्र लिहायला बसलो. आनंद अधिकारी म्हणाला, "काका, कागद नको, पोर्टलवर लिहा, 'मन मोकळं करा' असं बटण आहे. आपल्या मातृभाषेत लिहा, मशीन साहेबांच्या भाषेत करून देतं." मी म्हटलं, वा! मातृभाषेत म्हटल्यावर मला काय धाड भरलीय! झोकात लिहिलं. "कायम आणि कंत्राटी हा भेद मिटवून सर्वांना सारखी वागणूक द्यावी. अन्यथा सोमवारपासून आमचा संप." खाली चौकट होती, "सर्व सभासदांच्या वतीने." केली खूण. मग आणखी एक, "अटी मान्य आहेत." केली. कोण वाचतं हो त्या! तुम्ही वाचता?

शुक्रवारी उत्तर आलं. मशीननं साहेबाच्या भाषेतून मराठीत आणलेलं. सगळे माझ्याभोवती. मी थेट शेवटी गेलो, आपली सवय, निकाल आधी. "कायम व कंत्राटी हा भेद मिटवण्याची आपली मागणी अतिशय सुंदर आहे. मान्य." अहो, टाळ्या! शिट्ट्या! पॅकिंगच्या बायका रडायला लागल्या, मला कुणीतरी खांद्यावर घेतलं, वयाच्या पन्नाशीत! आणि ताई मात्र पडद्याला नाक लावून उभी. "धाकट्या, खाली उतर. वरची ओळ वाचलीस का?"

वरची ओळ अशी. "प्रिय कुटुंबीय, सोमवारपासून आपण सर्व संपत आहात हे वाचून आमच्या हृदयात दगड पडला. आपल्या संपण्याचा आम्ही आदर करतो. आपले राजीनामे कृतज्ञतेने गिळले आहेत."

संपत आहात! संप म्हणजे संपणं! अरे, मशीन आहेस का कोण आहेस!

सोमवारी गेटवर गेलो. कुलपांचा कारखाना, पण गेटला कुलूप नाही, कार्ड लावायचं. लावलं, तर लाल दिवा. तीनशे बारा कार्डं, तीनशे बारा वेळा लाल. आनंद अधिकारी आतून म्हणतो, "काका, तुम्ही राजीनामा दिलात ना?" मी म्हटलं, "अहो संप! संप म्हणजे काम बंद!" "हो ना काका, बंदच झालंय तुमचं काम." आता याला काय हाणायचं? बरं, मारायला जावं तर पोरगं स्वतः सहा महिन्यांच्या करारावर! वकिलाकडे गेलो. वकील म्हणाला, "अटी मान्य केल्यात ना? त्यात लिहिलंय, तंटा झाला तर खटला अमुक बेटावर चालेल." बेटावर! मी नकाशात शोधलं, दोनदा माशी बसलेली जागा बेट समजलो.

खरं सांगू? लाज वाटली. माझ्यापेक्षा मोठी माणसं, निवृत्तीला दोन-दोन वर्षं राहिलेली, माझ्या अक्षरावर भरवसा ठेवून घरून डबा घेऊन आली होती. एकानंही शिवी दिली नाही हो. दिली असती तर बरं वाटलं असतं. ताईच तेवढी म्हणाली, "तू आमच्यासाठी लिहिलंस ना? मग खाली बघू नकोस."

आणि मंगळवारी सगळे परत कामावर! कसे? एजन्सीतर्फे! तीन महिन्यांच्या करारावर! मागणी मान्य झाली होती ना, भेद मिटवा म्हणून? मिटवला! सगळे कंत्राटी! फॉर्मवर अनुभव विचारला, मी लिहिलं बावीस वर्षं. एजन्सीवाला म्हणतो, "ती जुनी कंपनी. इथे शून्य घाला." घातलं शून्य. आणि सुपरवायझर करायचं कुणाला? एजन्सीच्या यादीत सगळ्यात जुनं माणूस कोण? ताई! अकरा वर्षं! पगार वाढला दमडीभर, पण शिट्टी मिळाली. माझी सख्खी बहीण माझ्यावर शिट्टी वाजवते. आणि म्हणे आपण सगळे एक कुटुंब!

मी मात्र हट्ट सोडला नाही. म्हटलं, गेलं ते गेलं, निदान त्या मशीनला एवढा एक शब्द शिकवा! तीन महिने लिहीत होतो. शेवटी शिकवलं हो! उत्तर आलं, "आपल्या सूचनेबद्दल आभार. 'संप' या शब्दाचा अर्थ मशीनला नीट समजावण्यात आला आहे." चला, म्हटलं, एक तरी लढा जिंकलो.

काल सुट्टीच्या वेळी पोर्टल विचारतं, "आज कसं वाटलं? मन मोकळं करा." ते भरल्याशिवाय गेट उघडत नाही. दिवसभरात नऊशे कुलपं जुळवली होती, बोटं वळत नव्हती. दोन शब्द लिहिले, "आज संपलो." झालं! लाल दिवा! "प्रिय कुटुंबीय, आपण आज संप केल्याची नोंद झाली आहे. कंत्राटी सदस्यास संप करता येत नाही. लेखी खुलासा सुपरवायझरकडे द्यावा."

गेलो. काय करतो? ताई चष्मा पुसत बसली होती. म्हणाली, "ये, धाकट्या. बस, लिही खुलासा. आणि हातानं लिही हं. मला मराठी येतं."