टाकीतलं उणे पाणी

हसू नका, पण आमच्या नाशिक रोडच्या सोसायटीत पंप आपोआप बंद करणारा प्रोग्राम मीच लिहिला. जन्मभर कॉलेजात सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवलेला माणूस, म्हणून सगळे निर्धास्त होते. घरी लॅपटॉपवर तपासला, तर अगदी बरोबर चालला.

पहिल्याच सकाळी शेजारच्या शेखभाईंचा फोन आला.

"सर, पंप थांबत नाहीये. आणि पडद्यावर आकडा उणे दाखवतोय."

"उणे?"

"हो. टाकीत शून्यापेक्षा कमी पाणी आहे म्हणे. जिन्यातून मात्र वाहतंय."

"आधी बटण बंद करा," म्हणालो आणि तिथेच बसलो. लिटर मोजायला मी साधा int, म्हणजे आकडा ठेवायचा नेहमीचा डबा, घेतला होता. लॅपटॉपवर त्यात कोटींचे आकडे मावतात. पंपाजवळच्या छोट्या चिपवर बत्तीस हजारांच्या पुढे गेला की आकडा उलटून उणे होतो, आणि आमची टाकी चाळीस हजार लिटरची, म्हणून ती भरल्याचं पंपाला कधी कळलंच नाही. int32_t, म्हणजे सगळीकडे एकाच मापाचा डबा, लिहिलं असतं तर दोन्हीकडे सारखंच चाललं असतं. हे मी प्रत्येक वर्गाला पहिल्याच आठवड्यात बजावायचो.

गच्चीवर शेखभाईंनी पाहुण्यांसाठी उन्हात टाकलेल्या गाद्या भिजून चिंब झाल्या होत्या. मी कारण समजावू लागलो.

"ते राहू द्या सर," ते म्हणाले. "संध्याकाळी पाहुणे येतायत. तुमच्याकडच्या गाद्या मिळतील का?"

दिल्या. प्रोग्रामही दुरुस्त केला. तरी शेखभाई रोज सकाळी गच्चीवर जाऊन टाकीत डोकावतात. त्यांच्या आधी मी डोकावून आलेला असतो, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.