जनार्दन उतारावर कच्चा नव्हता

वहिनी, अनिकेत बेटा, खारबावची मंडळी, भिवंडीहून आलेले आमचे सायकलवाले, सगळ्यांना नमस्कार, सलाम. मला माइकवर बोलायची सवय नाही. कापडाच्या लूमच्या खडखडाटात जन्म गेला, म्हणून आवाज चढला तर रागावलोय असं समजू नका. जनार्दनच्या शोकसभेला रागावून कसा बोलेन?

मी रफीक. शेलारला माझे लूम आहेत. जनार्दन शर्यतीत उतरला तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत त्याच्या सायकलचं तेलपाणी मी बघितलं.

आत्ता आपले सायकल संघटनेचे सर बोलले. मायेनंच बोलले. म्हणाले, जनार्दन चढावर वाघ, उतारावर तेवढा कच्चा. तुम्ही हसलात. तोही हसायचा. आयुष्यभर हसला. आज तो हसायला नाही, म्हणून मला बोललं पाहिजे. सर, तो उतारावर कच्चा नव्हता.

भारताच्या संघासाठी घाटात निवड चाचणी होती. शेवटच्या वळणावर तो पडला, खांद्याचं हाड मोडलं, निवड हुकली. एवढं तुम्हाला ठाऊक आहे. त्या सकाळी साखळीला तेल मी घातलं, हे ठाऊक नाही. आम्ही लूमवाले. लूमला तेल पाजायचं म्हणजे गळेपर्यंत पाजायचं. मी सायकललाही तसंच पाजलं. खुशीत पाजलं हो! आपला भाऊ इंडियाकडून खेळणार! ते तेल उडून मागच्या चाकाच्या कडेला लागलं. चढावर काही जाणवलं नाही. उतारावर त्यानं ब्रेक दाबला, आणि ब्रेकनं चाक धरलंच नाही.

दवाखान्यात मी रडत म्हटलं, निवडीच्या साहेबांना जाऊन सांगतो. त्यानं चांगल्या हातानं माझी कॉलर धरली. म्हणाला, "तू काय बोलू नको. तुला पुन्हा सायकलला हात लावू देनार न्हाय कोनी. मंग माझी सायकल कोन बघील?" आणि साहेबांना सांगितलं, वळणावर माझा अंदाज चुकला.

पुढं त्याला सरकारी खात्याच्या सायकल संघात नोकरी लागली. सायकलवर घर चाललं. त्यानं शर्यती जिंकल्या, कप आणले. पण मोठ्या संघाची निवड आली की तोच शिक्का आडवा यायचा, उतारावर कच्चा. तो परत यायचा, सायकल माझ्या दारात लावायचा आणि म्हणायचा, "रफीक, थेंब घाल. बादली न्हाय."

मी का नाही सांगितलं? आधी भीती वाटली. मग लाज वाटली. मग काय, सवय झाली. वहिनी, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हापासून तुमच्या हातचं जेवलो. दर ईदला तुम्ही माझ्या घरी आलात. तरी गप्प राहिलो. मला माफ करा असं म्हणायचाही मला हक्क नाही, पण म्हणतो.

सर, शोकप्रस्तावात ती ओळ लिहिली असेल तर खोडा. लिहा, सायकल रफीकनं बिघडवली होती, जनार्दन नीट चालवत होता. खाली माझी सही घ्या.

आता उभे राहूया. माझ्यासाठी तो एवढी वर्षं गप्प राहिला. त्याच्यासाठी आपण दोन मिनिटं राहू.