होडी काही सुटेना

हॅलो?... हां, बोल. थांब जरा... ए, दोन मिनिटं मशीन बंद करा गं, धाकटीचा फोन आहे!... हां, आता बोल.

वाचली. सगळी. चारशे दहा पानं. मोठ्या बहिणीला पुस्तक वाहिलंयस, मग वाचायला नको?

भाषा? भाषेला तोड नाही. 'धुकं तिच्या खांद्यावर बसून दमलं होतं.' आमच्या कटिंगवालीने हे वाक्य खडूने भिंतीवर लिहून ठेवलंय... मग? मग काय? खरं ऐकायचंय का?... नक्की?

रटाळ आहे.

ओरडतेस काय?

हो, हो... अगं ऐक ना! दुपारी आमच्याकडे हातशिलाई असते. हुक, बटणं, तुरपाई. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. तुझी कादंबरी मीच वाचत होते, रोज तासभर. एक शब्द गाळला नाही, तुझी शप्पथ! आईचा हरवलेला आवाज आणायला पोरगी धुक्याच्या नदीपलीकडे निघालीय म्हटल्यावर बायकांच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी डबे उघडायच्या आधी विचारलं, 'सुटली का होडी?' म्हटलं, अजून नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. म्हटलं, घाटाच्या पायऱ्यांवरच्या शेवाळाचं वर्णन चाललंय अजून. आणि आठव्या दिवशी...

नाही गं, झोपल्या नाहीत. झोपल्या असत्या तर परवडलं असतं. आठव्या दिवशी कुणी विचारलंच नाही.

...काय कळत नाही त्यांना? साहित्य? पुन्हा म्हण! टाका कुठे घट्ट बसलाय आणि कुठे नुसती नक्षी काढलीय, ते या बायकांना अंगठ्याने कळतं. समजलं?

हो, पुढची पानं मी घरी एकटीने वाचली. दोनशे बाराव्या पानावर होडी सुटते आणि काठाला लागायच्या आत पुस्तक खलास! आवाज सापडतच नाही! फसवल्यासारखं वाटलं मला... दुसऱ्या भागात? आणि तोवर आम्ही काय शेवाळ मोजायचं?

पाच वाजता छापखान्यात जाणार, माहितीय. अशीच जाणार असेल तर पहिल्या पानावरून मला काढून टाक... धमकी नाही, सांगतेय.

रडतेस? रड... मी काय सुचवणार? लेखिका तू. एवढंच सांग, पलीकडे पोचल्यावर काय होतं?... ठाऊक आहे तुला? मग चारशे पानं कुठे दडवून ठेवलंस, बये? सांग की!

हं... हं... कुणाजवळ?... अगं बाई! स्वतःच्या आजीने चोरला?... थांब, थांब, स्पीकर लावते. ए, इकडे या गं सगळ्या!... हां, बोल.

...

...मग?

...नको! थांब! पुढे बोलू नकोस. गप्प बसा गं तुम्ही!... ऐकतेयस ना, कशा ओरडतायत? तरी नाही. आत्ता सांगून मोकळी झालीस की लिहायची राहिलीस, ओळखून आहे मी तुला. छापखान्याला कळव, महिनाभर थांबा म्हणावं... अगं नको म्हटलं ना! एक अक्षर सांगू नकोस. बस लिहायला.

ठेवतेय मी.